योरुबात गायले म्हणून सनी अडे आपटले, हे खरं नाही

नायजेरियातले जूजू संगीताचे गायक-गिटारवादक किंग सनी अडे यांच्याबद्दलची एक कहाणी गेली कित्येक वर्षं जवळपास त्याच शब्दांत सांगितली जाते. इंग्रजी लेखांतून उचलली गेली आणि आता मराठीतही फिरते. तिचा मजकूर थोडक्यात असा: "नायजेरियाचा राजपुत्र सनी अडे 'जूजू' म्हणजे काळ्या जादूचं संगीत वाजवायचा. बॉब मार्ली वारल्यावर आयलंड रेकॉर्ड्स कंपनीने त्याला मार्लीच्या जागी उभं केलं. पण तो योरुबा भाषेला चिकटून बसला, इंग्रजीत गायला नाही, म्हणून तीन अल्बममध्येच आपटला. 1985 नंतर तो संपला. तसंही त्याची गाणी म्हणजे पैसेवाल्यांची स्तुती."

यातल्या एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्या आधाराने बाकीच्या खपून जातात. आम्हाला सगळ्यात जास्त खुपतं ते योरुबाबद्दलचं, म्हणजे नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या भाषेबद्दलचं, विधान. अडे यांचं संगीत ज्या पायावर उभं आहे, तोच त्यांच्या अपयशाचं कारण ठरवला गेला आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. आधी नावाचा घोळ.

"जूजू म्हणजे काळी जादू"

पश्चिम आफ्रिकेतल्या गंडेदोऱ्यांना आणि मंत्रतंत्राला सरसकट 'जूजू' म्हणायची सवय युरोपीय लोकांना वसाहतकाळापासून होती. शब्द तोच दिसतो म्हणून संगीतही तेच, असं गृहीत धरलं गेलं. संगीताला हे नाव कसं पडलं याची एकाहून जास्त स्पष्टीकरणं आहेत. एक असं की योरुबात 'जू' म्हणजे फेकणे, आणि या बँडमधला खंजिरीवाला वाजवता वाजवता खंजिरी हवेत फेकून झेलायचा, त्यावरून खंजिरीला आणि मग संगीताला 'जूजू' म्हणू लागले. दुसरं असं की गोऱ्यांचा तो हिणवणारा शब्दच लोकांनी उचलला. यातलं कुठलंही धरलं तरी संगीतात जादूटोणा येत नाही.

जूजू उभं राहिलं ते 1930 च्या दशकात, लागोस शहरात. टुंडे किंग हे त्याचं पहिलं मोठं नाव, आणि 1936 मध्ये त्यांच्या तबकड्या निघाल्या. वाद्यं तीन-चारच होती: गिटार-बँजो, खंजिरी आणि शेकेरे. शेकेरे म्हणजे मण्यांची जाळी घातलेला वाळका भोपळा. कारकून, खलाशी, छोटे व्यापारी अशी मंडळी संध्याकाळी जमायची, तिथलं हे बैठकीचं गाणं. त्यातला एकाखाली एक सूर लावून गायचा प्रकार थेट चर्चच्या प्रार्थनांमधून आलेला आहे. 1963 मध्ये ब्रिटिश सरकारकडून एमबीई किताब मिळवणारे आय. के. डायरो हे जूजूचे मोठे गायक अलादुरा या योरुबा ख्रिस्ती पंथाच्या चर्चशी जोडलेले होते. अडे यांचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत.

योरुबा परंपरेतल्या धर्मकल्पना मात्र या गाण्यांत भरपूर येतात. अडे यांच्या 'जा फुन मी' या गाण्याचा अर्थ 'माझ्यासाठी झगड'. विनवणी आहे ती 'ओरी'ला. ओरी म्हणजे डोकं, आणि त्या डोक्यात वसलेलं नशीबसुद्धा. जन्माला येण्याआधी माणूस आपलं ओरी निवडून येतो अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे 'कपाळी लिहिलेलं' म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. फरक एवढाच की इथे माणूस आपल्या कपाळालाच उठून लढायला सांगतो. असं गाणं ऐकून कुणाला काळी जादू आठवत असेल, तर त्याने शब्दांचा अर्थ कुणाला तरी विचारायला हवा होता.

"राजपुत्र"

हे खरं आहे, पण सांगितलं जातं त्या अर्थाने नाही. अडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1946 रोजी ओशोग्बो इथे झाला. पूर्ण नाव संडे अडेनियी अडेगेये. घराणं ओन्डोच्या राजवंशातलं. 'अडे' म्हणजे मुकुट, आणि 'अडेनियी'चा अर्थ साधारण 'मुकुटाला मान आहे' असा. योरुबा माणसाला अशा नावावरूनच घराण्याचा अंदाज येतो.

या घराण्याने त्यांची वाट सोपी केली नाही. दारोदार स्तुती गाऊन पैसे मागणाऱ्या गवयाला योरुबात 'अलाग्बे' म्हणतात, म्हणजे जवळजवळ भिकारीच. राजघराण्यातल्या मुलाने हे करायचं म्हणजे नाचक्की. ओन्डोची शाळा सोडताना त्यांनी घरी सांगितलं की लागोस विद्यापीठात जातो, आणि जाऊन दाखल झाले ते मोझेस ओलाइया यांच्या हायलाइफ (पाश्चात्त्य वाद्यांवरचं पश्चिम आफ्रिकी नाचाचं संगीत) बँडमध्ये. हेच ओलाइया पुढे 'बाबा साला' या नावाने विनोदी नट म्हणून घराघरांत पोहोचले. अडे यांच्या नावामागचं 'किंग' जूजूच्या श्रोत्यांनी आणि समीक्षकांनी लावलं. ओन्डोच्या गादीशी त्याचा संबंध नाही.

"मार्लीच्या जागी उभं केलं"

हे विधान अर्धं खरं आहे. जमैकाचे रेगे गायक बॉब मार्ली 11 मे 1981 रोजी वारले. त्यांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी म्हणजे क्रिस ब्लॅकवेल यांची आयलंड रेकॉर्ड्स, आणि तिसऱ्या जगातला पुढचा मोठा कलाकार तिला हवा होता. फ्रेंच निर्माते मार्टिन मेसोनिए यांच्यामार्फत अडे यांच्याशी करार झाला आणि 1982 मध्ये 'जूजू म्यूझिक' हा अल्बम निघाला. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी 'आफ्रिकेचा बॉब मार्ली' असं लिहून टाकलं. इथवर सगळं बरोबर.

चूक 'उभं केलं' या क्रियापदात आहे. मार्ली गेले तेव्हा अडे 34 वर्षांचे होते आणि चौदा वर्षं रेकॉर्ड काढत होते. 1967 मध्ये त्यांनी स्वतःचा 'ग्रीन स्पॉट्स' हा बँड काढला. नावात आय. के. डायरो यांच्या 'ब्लू स्पॉट्स'ला सलाम होता, आणि गायकीवर टुंडे नाइटिंगेल यांच्या उंच पट्टीच्या गाण्याची छाप होती. पहिल्या रेकॉर्डच्या फक्त 13 प्रती खपल्या, असं त्यांच्या बहुतेक चरित्रांत आढळतं. लगेच 1968 मध्ये फुटबॉलच्या चॅलेंज कपवरचं गाणं आलं आणि नाव झालं.

पुढचा भाग या कहाणीत कधीच येत नाही, आणि आमच्या मते अडे यांची खरी ओळख तिथे आहे. 'आफ्रिकन साँग्ज' या कंपनीशी त्यांचा करार होता. तबकड्या भरपूर खपत होत्या, गायकाच्या हाती पडणारी रक्कम नगण्य होती. प्रकरण कोर्टात गेलं. बाहेर पडून 1974 मध्ये त्यांनी 'सनी आलाडे रेकॉर्ड्स' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मालकीवरून पुढे पुन्हा खटला झाला, तो वीसेक वर्षं चालला आणि 2018 मध्ये लागोसच्या फेडरल हायकोर्टाने अडे यांच्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे आयलंडने करार केला तो स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाशी. म्हणूनच आयलंडचे अल्बम लंडन-न्यूयॉर्कमध्ये निघत असताना लागोसमध्ये अडे यांच्या वेगळ्या तबकड्या बाजारात येतच होत्या: 1982 मध्ये 'आरिया स्पेशल', 1983 मध्ये 'बॉबी'. ही दुसरी त्या वर्षी वारलेले हायलाइफचे बुजुर्ग बॉबी बेन्सन यांच्या आठवणीतली. आयलंडच्या तीन अल्बमांवरून अडे यांची कारकीर्द मोजणं म्हणजे एखाद्या गायकाचे परदेश दौरे तेवढे धरायचे आणि गावातल्या मैफली सोडून द्यायच्या.

शिवाय 'जूजू म्यूझिक'मधली बरीचशी गाणी लागोसच्या आधीच्या तबकड्यांवरून पुन्हा बांधलेली होती. 1983 च्या 'सिंक्रो सिस्टीम' या आयलंड अल्बमचं नावसुद्धा जुनंच. 'सिंक्रो सिस्टीम मूव्हमेंट' नावाची त्यांची तबकडी 1976 ची आहे. शोधताना या दोन्हींची हमखास गल्लत होते. दोन्हींचं संगीत एकमेकांपासून खूप लांब आहे.

"इंग्रजीत गायला नाही म्हणून आपटला"

आधी साधी वस्तुस्थिती. अडे इंग्रजीत गायलेच नाहीत हे चूक. 'जूजू म्यूझिक'मध्येच '365 इज माय नंबर' आहे. 1989 मध्ये गायिका ओन्येका ओनवेनू यांच्याबरोबर त्यांनी कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी 'चॉइसेस' आणि 'वेट फॉर मी' ही इंग्रजी युगुलगीतं केली, आणि ती नायजेरियात घरोघर पोहोचली.

दुसरी गोष्ट, परकी भाषा म्हणून रेकॉर्ड खपत नाही हा नियमच नाही. गिनीचे मोरी कांटे यांचं 'ये के ये के' हे मांदिंका भाषेतलं गाणं 1987-88 मध्ये युरोपभर गाजलं. खुद्द अडे यांचे 'जूजू म्यूझिक' आणि 'सिंक्रो सिस्टीम' हे दोन्ही अल्बम अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' खपयादीच्या पहिल्या दोनशेत आले, आणि दुसऱ्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. हे दोन्ही अल्बम मुख्यतः योरुबातले होते.

आता मूळ मुद्दा. 'योरुबाऐवजी इंग्रजी' हा बदल कपडे बदलण्याइतका सोपा होता, असं हा दावा धरून चालतो. तसं का नाही, ते समजायला योरुबा भाषा कशी चालते ते पाहावं लागेल.

योरुबात प्रत्येक अक्षराला सूर असतो: वरचा, मधला किंवा खालचा. सूर बदलला की शब्दच बदलतो. 'ओको' हा शब्द घ्या. दोन्ही अक्षरं मधल्या सुरात उच्चारली तर नवरा. दुसरं अक्षर वर नेलं तर कुदळ. दुसरं खाली आणलं तर गाडी किंवा होडी. दोन्ही खाली ठेवली तर भाला. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांत फरक आहे, पण आपला संगीतकार चालीसाठी 'दिन' खुशाल लांबवतो आणि संदर्भावरून आपल्याला कळतं. योरुबा चालकाराला एवढी मोकळीक नाही. चालीने शब्दाच्या सुरांच्या चढउताराला बऱ्यापैकी धरूनच चालावं लागतं, नाहीतर नवऱ्याची कुदळ होते.

हे मिशनऱ्यांच्या काळात अगदी उघड झालं होतं. इंग्रजी प्रार्थनांच्या तयार चालींवर योरुबा भाषांतर बसवलं की चाल वर जाते तिथे शब्द खाली हवा असायचा, आणि ऐकणाऱ्याला भलताच अर्थ लागायचा. त्यावर उपाय म्हणून योरुबा चर्चमध्ये देशी चालींच्या प्रार्थना रचल्या जाऊ लागल्या. पाद्री जोसाया रॅन्सम-कुटी यांनी अशी गाणी 1922 मध्ये लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केली. हे प्रसिद्ध नायजेरियन गायक फेला कुटी यांचे आजोबा. जूजू या देशी चालींचाच वारसा सांगतं.

(फेलांचं नाव आलंच आहे तर: फेला आणि अडे यांची सरमिसळ नेहमी होते. फेलांचं अफ्रोबीट, पितळी वाद्यांचा ताफा, बहुतांश पिजिन (स्थानिक, मिश्र) इंग्रजी, लष्कराशी उघड भांडण. अडे यांचं जूजू, गिटार आणि ढोल, योरुबा. शहर एक, काळ एक, संगीत वेगळं.)

मग येतो बोलणारा ढोल. दुंदुन हे या कुळाचं नाव. घाट डमरूसारखा, दोन्ही तोंडांवर पातळ कातडं, आणि एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत सगळ्या बाजूंनी चामड्याच्या वाद्या ताणलेल्या. वाजवायला पुढे वाकलेली काठी. वाद्या दाबल्या की दोन्ही कातडी ताणली जातात आणि सूर वर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. जूजूत लहान आकाराचा गांगान बगलेत धरतात आणि दंडाने दाबतात. आपलं चौंडकं बगलेत धरलेलं पाहिलं असेल तर पवित्रा डोळ्यांपुढे येईल, फक्त तिथे ताण तारेवर दिला जातो. हवा दमट असली की कातडं ढिलं पडतं, वरचा सूर गाठायला वाद्या जास्त दाबाव्या लागतात आणि ढोल तोतरा होतो. म्हणून वाजवण्याआधी ताण नीट लावून घेणं हे वादकाचं पहिलं काम.

हा ढोल वाक्यं बोलतो. त्यात सांकेतिक खुणांची लिपी नसते. बोललेल्या वाक्यातले वर-मध्य-खाली सूर आणि अक्षरांची लय तो जशीच्या तशी काढतो. स्वर-व्यंजनं गळून पडतात, सूर उरतात. मग दोन शब्द एकसारखेच वाजणार नाहीत का? वाजतात. म्हणून ढोलकरी सुटा शब्द सहसा वाजवत नाही. तो म्हण वाजवतो, किंवा कुणाच्या कुळाची ठरलेली बिरुदावली वाजवतो. हिला 'ओरिकी' म्हणतात. आख्ख्या ओळीचा आकार ओळखीचा असतो, त्यामुळे ऐकणारा चुकत नाही. ही कला पिढीजात आहे. या घराण्यांतल्या मुलांची नावं 'आयान'ने सुरू होतात, आणि नाव ऐकलं की धंदा कळतो.

जूजूत हा ढोल आला 1940 च्या दशकाच्या अखेरीस, दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याच सुमारास ध्वनिवर्धकही आला. हे दोन्ही एकत्र यावे लागतात, कारण गांगानपुढे साधी गिटार ऐकूच येत नाही. गिटारला वीज मिळाली म्हणून ढोल वाढवता आले, ढोल वाढले म्हणून गिटारी वाढल्या. 1982-83 च्या सुमाराला अडे यांच्या 'आफ्रिकन बीट्स'मध्ये वीसच्या आसपास माणसं होती: मुख्य गिटार, तिला जोड देणाऱ्या तीन-चार गिटारी, बास, स्टील गिटार, सिंथेसायझर, तीन-चार बोलणारे ढोल, काँगासारखे आकुबा, शेकेरे, आगोगो नावाची लोखंडी घंटा, ड्रमसेट आणि मागचे गायक.

प्रत्येक गिटार एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते. एकटी ऐकली तर अपुरी वाटते. एकीच्या मोकळ्या जागेत दुसरीचा ठोका पडतो आणि सगळं मिळून एक वीण तयार होते. यांतले कित्येक तुकडे मुळात ढोलाच्या बोलीतून आलेले असतात, म्हणजे गिटारही म्हणीचा आकार वाजवत असते. अडे एक ओळ म्हणतात, मागचे ती उचलतात, ढोल तिच्यावर भाष्य करतो, अडे गिटारीने त्याला उत्तर देतात. या संभाषणात भाषा काढून घेतली तर प्रत्येकाचं काम थांबतं. इंग्रजीत शब्दाला ठरलेला सूर नाही. इंग्रजी ओळ गायल्यावर ढोलाला तिच्यातून बोलण्यासारखं काही मिळत नाही, तो फक्त ताल धरू शकतो.

म्हणून 'इंग्रजीत गायला असता तर' हा प्रश्न विचारताना पुढचं वाक्यही विचारायला हवं: मग वीस माणसांनी काय वाजवायचं होतं?

ज्यांना योरुबा येत नाही त्यांना हे ऐकू येतं का? येतं, थोड्या सरावाने. 'जूजू म्यूझिक'मधलं सात मिनिटांचं 'जा फुन मी' तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बास धरा. दुसऱ्यांदा डावीकडची आणि उजवीकडची गिटार वेगळी करा. तिसऱ्यांदा गायकाकडे लक्ष न देता त्याची ओळ संपल्यावर ढोल काय करतो तेवढंच ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर हे जमत नाही. खालचे सूर गळतात आणि ढोल नुसता टकटकतो. हेडफोन लावा.

मग तिसरा अल्बम का पडला?

1984 च्या 'ऑरा'मध्ये स्टीव्ही वंडर यांची माउथ ऑर्गन आहे, आणि ड्रम मशीन व सिंथेसायझर पुष्कळ पुढे आणले आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: मशीनचा ठोका जागचा हलत नाही, आणि ढोलकऱ्याचं बोलणं त्या ठोक्याच्या किंचित पुढेमागे होण्यावर चालतं. दोघं एकत्र आले की ढोलाला मशीनच्या मागे चालावं लागतं. खप अपेक्षेइतका झाला नाही आणि 1985 पर्यंत आयलंडशी संबंध संपला. विचित्र गोष्ट ही की तीन अल्बमांपैकी पाश्चात्त्य कानाला सगळ्यात सोयीचा बनवलेला अल्बम हाच होता.

लांबीचाही प्रश्न होता. नायजेरियातल्या एलपीची एक बाजू म्हणजे बऱ्याचदा अठरा-वीस मिनिटांची सलग माळ, एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जाणारी. लग्नात किंवा बारशात बँड तासन् तास वाजवत असे, त्याचा तो छोटा नमुना. आयलंडने ती माळ तोडून सुटी गाणी केली. तीन मिनिटांच्या रेडिओसाठी ती तरीही लांबच पडली. आणि वीस माणसांचा ताफा घेऊन युरोप-अमेरिका-जपान फिरवायचा खर्च तिकिटांतून निघणं कठीण. पैशांवरूनच 1984-85 च्या सुमाराला जपान दौऱ्यात बँडमध्ये बंड झालं आणि 'आफ्रिकन बीट्स' फुटला. ही कारणं भाषेपेक्षा कितीतरी वजनदार आहेत, आणि व्यवहारातली आहेत.

"1985 नंतर संपला"

नवा बँड उभा राहिला, नाव 'गोल्डन मर्क्युरी'. 1988 मध्ये 'लाइव्ह लाइव्ह जूजू' अमेरिकेत निघाला. 1989 ची कुटुंबनियोजनाची गाणी वर आलीच आहेत. नायजेरियातल्या वादक-गायकांच्या पीएमएएन या संघटनेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. 1995 मध्ये 'ए डिडे' आला. 1998 मध्ये जुन्या पारंपरिक गाण्यांवरचा 'ओडू' आला आणि त्याला पुन्हा ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पहिल्यानंतर पंधरा वर्षांनी. 2009 मध्ये इले-इफेच्या ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठाने त्यांना अभ्यागत अध्यापक म्हणून बोलावलं. विद्यापीठात जातो असं खोटं सांगून घर सोडलेला मुलगा शिकवायला विद्यापीठात गेला.

त्यांच्या बँडमधून बाहेर गेलेला आवाजही मोजायला हवा. स्टील गिटार वाजवणारे डेमोला अडेपोजू यांनी अमेरिकन गायक पॉल सायमन यांच्या 1986 च्या 'ग्रेसलँड' अल्बमच्या शीर्षकगीतात ती वाजवली आहे. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून जी ओळखली जाते, तिचंच हे पायाने दाबायच्या पट्ट्यांनी सूर बदलणारं भावंड. जूजूमध्ये ते आणलं अडे यांनी. ज्यांनी सनी अडे हे नाव कधी ऐकलं नाही, त्यांनीही त्यांच्या बँडचा हा सूर ऐकलेला असतो.

नायजेरियात जूजूचा जोर 1980 च्या दशकात ओसरला हे खरं. त्याची कारणं लागोसमध्ये शोधावीत. तेलाचे भाव पडले, 1986 नंतर नायरा या नायजेरियन चलनाची किंमत कोसळली, मोठा बँड बोलावणाऱ्या यजमानांच्या खिशाला चाट बसली, चोरट्या कॅसेटींनी तबकडीचा धंदा खाल्ला. रमजानच्या पहाटेच्या गाण्यातून वाढलेलं फुजी पुढे आलं. सिकिरू अयिंदे बॅरिस्टर हे त्याचं मोठं नाव. त्यात गिटारींचा ताफा लागत नाही, ढोल आणि गळा पुरतो, म्हणजे बिदागीही कमी. मग 1989 मध्ये शिना पीटर्स यांच्या 'एस' या अल्बमने जूजूलाच वेगवान करून तरुणांना परत ओढलं. हे सगळे गायक योरुबातच गात होते.

"पैसेवाल्यांची स्तुती"

हे विधान बऱ्यापैकी खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. 'आरिया' म्हणजे जल्लोष, मेजवानी. योरुबा लग्न, बारसं, वयोवृद्धाचं उत्तरकार्य यांत बँड असतो. ढोलकरी पाहुण्याच्या कुळाची ओरिकी वाजवतो, गायक नाव गुंफतो, आणि पाहुणा नाचत येऊन एक-एक नोट वादकाच्या कपाळाला चिकटवतो. तमाशातला दौलतजादा माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नोटा गोळा करायला बँडचा माणूस नेमलेला असतो. ठरलेल्या बिदागीपेक्षा ही रक्कम मोठी असू शकते. 2007 च्या केंद्रीय बँक कायद्याने अशा नोटा उधळणं गुन्हा ठरवलं: किमान सहा महिने कैद, किंवा किमान 50,000 नायरा दंड, किंवा दोन्ही. प्रथा तरीही टिकून आहे.

मात्र स्तुती म्हणजे खुशामत हे समीकरण योरुबात बसत नाही. ओरिकीत पूर्वजांचे पराक्रम येतात, तशी त्यांची व्यंगं आणि फजितीही येते. ती नव्याने रचलेली तारीफ नसते, कुळाची साठवलेली ओळख असते. कुणाची कुठली ओळ, कुठल्या क्षणी वाजवायची हे ढोलकऱ्याच्या हातात असतं. आणि अडे यांच्या रेकॉर्डवर याशिवायही बरंच आहे: खून झालेले राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांच्यावरची 1976 ची तबकडी, वडीलधाऱ्यांचा मान सांगणारं 'मो बेरू आग्बा', देवाची गाणी, फुटबॉलची गाणी.

सुरुवात करायची असेल तर आयलंडच्या आधीपासून करा. 1967 ते 1974 च्या काळातली गाणी 2003 मध्ये 'द बेस्ट ऑफ द क्लासिक इयर्स' या संग्रहात एकत्र आली आहेत. ती ऐकताना यादी उलटसुलट क्रमाने लावू नका. बाजूभर चालणारी माळ मधेच तोडली की ढोलाने आधी काय विचारलं होतं तेच हरवतं. त्यानंतर 'जूजू म्यूझिक' लावा. गिटारी वाढलेल्या, आवाज स्वच्छ, सिंथेसायझर शिरलेला, आणि अडे यांची ओळ संपताच मागून येणारा गांगान पूर्वीइतकाच बोलका.